जुनी फ्रेंच सायकल : ओळख, पारख आणि जपणूक

पोलादाच्या बारीक नळ्यांची फ्रेम, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, चामड्याची अरुंद सीट आणि फ्रेमच्या तिरक्या नळीवर बसविलेल्या गिअरच्या दोन छोट्या दांड्या, असे १९५० ते १९८० या काळातील फ्रेंच रोड सायकलीचे सर्वसाधारण रूप सांगता येईल. युरोप-अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या बाजारांत आणि घरांच्या तळघरांत अशा सायकली आजही सापडतात. हौसेने त्या विकत घेणाऱ्यांची संख्याही लहान नाही. मात्र पहिल्या दुरुस्तीच्या वेळीच नव्या मालकाच्या लक्षात येते, की ही सायकल इतर देशांच्या सायकलींची मापे मानत नाही. तिचे आटे निराळे, नळ्यांचे व्यास निराळे, काही ठिकाणी तर स्क्रू फिरण्याची दिशाही निराळी. नेहमीचे हत्यार घेऊन नेहमीच्या दिशेने जोर लावला, की पन्नास वर्षे टिकलेला भाग पाच मिनिटांत कायमचा निकामी होतो. तसाच भाग पुन्हा बाजारात मिळेल याची खात्री नसते. म्हणूनच जुनी फ्रेंच सायकल बाळगायची, तर आधी तिचा इतिहास आणि तिची मापे जाणून घ्यावी लागतात.

सायकलीचे माहेरघर

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर मिशो यांच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पायडल जोडलेल्या दुचाकी बाहेर पडू लागल्या आणि सायकल हा फ्रान्समध्ये चर्चेचा विषय झाला. १८९१ मध्ये क्लेरमाँ-फेराँ येथील मिशलाँ बंधूंनी चाकावरून सहज काढता-घालता येणारा हवेचा टायर आणला. त्याच वर्षी भरलेली पहिली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यत शार्ल तेराँ याने याच टायरवर जिंकली. सुमारे १२०० किलोमीटरचे अंतर त्याने तीन दिवसांहून थोड्या कमी वेळात कापले होते.

कोळशाच्या खाणी, बंदुका आणि रेशमी फिती यांसाठी प्रसिद्ध असलेले सेंत-एत्येन हे शहर पुढे फ्रेंच सायकल उद्योगाची राजधानी बनले. याच शहरात पॉल द विव्ही (१८५३–१९३०) हे रेशमाचे व्यापारी राहत. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ते ओळखले जात. १८८७ मध्ये त्यांनी सायकलविषयक नियतकालिक सुरू केले आणि डोंगराळ प्रदेशात सामान्य माणसालाही सायकल चालविता यावी, यासाठी गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्राँज यांचे मत नेमके उलट होते. शर्यत स्नायूंच्या बळावर जिंकली जावी, यंत्राच्या नव्हे, अशी त्यांची धारणा होती. परिणामी साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या डिरेलरला टूरमध्ये १९३७ पर्यंत मज्जाव होता. प्रवासासाठी सायकल की शर्यतीसाठी, हा वाद फ्रेंच सायकलीच्या घडणीत पुढेही दिसत राहिला.

प्युजो पीएक्स-१०

जुन्या फ्रेंच रोड सायकलीचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून प्युजो कंपनीच्या पीएक्स-१० या मॉडेलकडे पाहता येते. मोटारगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे घराणे त्याआधी करवती आणि कॉफी दळण्याची यंत्रे बनवीत असे. कंपनीचे सिंहाचे बोधचिन्ह मूळचे करवतीच्या दर्जाची खूण म्हणून वापरले गेले. सायकलनिर्मितीत प्युजोने १८८२ मध्ये पाऊल ठेवले. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची जर्सी घालणारा प्युजोचा व्यावसायिक संघ साठच्या दशकापासून सर्वपरिचित झाला. रोजे पँजाँ (१९६७) आणि बेर्नार तेवने (१९७५ व १९७७) यांनी टूर द फ्रान्स जिंकली ती याच संघातून. एडी मर्क्स याने मिलान–सान रेमो ही शर्यत १९६६ आणि १९६७ मध्ये जिंकली, तेव्हा तोही प्युजोच्याच संघात होता.

पीएक्स-१० ही या संघाच्या सायकलींशी नाते सांगणारी, पण दुकानात कोणालाही विकत मिळणारी सायकल होती. तिची फ्रेम बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीच्या ‘५३१’ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची असे. या नळ्या टोकांशी जाड आणि मधल्या भागात पातळ असतात. त्यामुळे सांध्यांना बळकटी मिळते आणि एकूण वजन कमी राहते. नळ्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे ‘लग’ नावाचे पोलादी बाहू बसवून आणि त्यांत वितळलेले मिश्रधातू भरून सांधा केला जाई. पीएक्स-१० वरील नर्व्हेक्स लगांच्या नागमोडी कडा ही तिची सर्वांत मोहक खूण होय. पांढरी फ्रेम आणि काळे लग ही तिची रंगसंगती विशेष परिचित आहे.

बाकीचे बहुतेक भाग फ्रान्समधीलच असत. क्रँक स्ट्राँगलाइट कंपनीचे, डिरेलर दिजाँ येथील सिम्प्लेक्सचे, ब्रेक क्लेरमाँ-फेराँच्या माफाकचे. पुढे दोन दातेरी चक्रे आणि मागे पाच, असे एकूण दहा गिअर. सर्व साजासह सायकलीचे वजन दहा किलोच्या आसपास भरे. स्ट्राँगलाइटने १९३३ मध्ये कॉटर पिनविना, चौकोनी अक्षावर बसणारे ॲल्युमिनियमचे क्रँक आणले होते. भारतातील साध्या काळ्या सायकलीच्या क्रँकमध्ये दिसणारी कॉटर पिन ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या सुधारणेचे महत्त्व सहज कळेल.

प्युजोबरोबरच जितान, मोटोबेकान, मेर्सिए ही नावेही तितक्याच आदराने घेतली जातात. रेमाँ पुलिदोर हा फ्रेंच जनतेचा लाडका शर्यतपटू कारकीर्दभर मेर्सिएच्याच संघाकडून धावला. टूरमध्ये तीन वेळा दुसरा आणि पाच वेळा तिसरा येऊनही, अग्रस्थानाची पिवळी जर्सी त्याला एक दिवसही लाभली नाही.

कारागिरांची परंपरा

कारखान्यांच्या जोडीने फ्रान्समध्ये मोजक्या कारागिरांची एक स्वतंत्र परंपरा वाढली. पॅरिसलगतच्या लव्हाल्वा-पेरे येथील रने एर्स (१९०८–१९७६) आणि ॲलेक्स सिंगर ही त्यांतील अग्रगण्य नावे होत. सिंगर यांचे दुकान १९३८ मध्ये सुरू झाले. हे कारागीर गिऱ्हाइकाच्या शरीराची मापे घेऊन सायकल बांधीत. मडगार्ड, दिवे, सामानाचा कॅरिअर, दिव्यांच्या तारा या गोष्टी नंतर जोडलेल्या वाटू नयेत, म्हणून फ्रेम बांधतानाच त्यांची जागा ठरे. क्रँक, स्टेम, ब्रेक असे भागही एर्स स्वतः बनवीत. या सायकली लांबच्या प्रवासासाठी असल्या, तरी वजनाने अनेक शर्यती सायकलींच्या तोडीस तोड होत्या. आज संग्राहकांच्या जगात त्यांना सर्वाधिक मान आहे.

या प्रवासी सायकलींवर ‘६५०-बी’ मापाची, म्हणजे रिमवर टायर बसतो तिथे ५८४ मिलिमीटर व्यासाची चाके असत. शर्यती सायकलींचे ७००-सी हे माप ६२२ मिलिमीटरचे. चाक थोडे लहान आणि टायर रुंद, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर धक्के कमी बसतात. शर्यती सायकलींच्या लाटेत हे माप जवळजवळ विस्मृतीत गेले होते. एकविसाव्या शतकात तेच ५८४ मिलिमीटरचे माप ‘साडेसत्तावीस इंची’ या नावाने माउंटन बाइकवर जगभर परतले.

मापांचा घोळ

मीटर ही मोजपट्टी जगाला देणाऱ्या देशाने आपल्या सायकलीही मिलिमीटरमध्ये घडविल्या, यात नवल नाही. ब्रिटिश कारखाने मात्र इंचांत मोजत. दोन्ही पद्धतींची मापे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, की डोळ्यांना फरक दिसत नाही. सगळी अडचण येथेच उद्भवते.

हँडलचा स्टेम फोर्कच्या नळीत जिथे शिरतो तिथे फ्रेंच व्यास २२ मिलिमीटर, तर ब्रिटिश २२.२. फोर्कच्या नळीवरील आटे फ्रेंच सायकलीत २५ मिलिमीटर व्यासाचे, तर ब्रिटिश सायकलीत २५.४ चे. पायडलचा आटा फ्रेंच पद्धतीत १४ मिलिमीटरचा. ब्रिटिश ९/१६ इंची आटा साधारण १४.३ मिलिमीटर भरतो. ब्रिटिश पायडल फ्रेंच क्रँकमध्ये एखाददुसरा आटा शिरते आणि अडते. तिथे जोर लावल्यास ॲल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे चिरडले जातात. मागच्या चाकाच्या हबवर फ्रीव्हील बसविताना उलटा प्रकार घडतो. ब्रिटिश फ्रीव्हील फ्रेंच हबवर सहज, किंबहुना संशयास्पद सहजतेने चढते आणि चढावर जोर पडताच आटे ओरबाडून निसटते.

सर्वांत फसवी जागा म्हणजे बॉटम ब्रॅकेट, अर्थात क्रँकचा अक्ष जिथे फिरतो ती नळी. पायडल मारताना बेअरिंगच्या हालचालीमुळे उजवीकडच्या कपावर तो सैल होण्याच्या दिशेने बल येते. त्यावर उपाय म्हणून ब्रिटिश सायकलीत त्या बाजूला डावे आटे असतात. फ्रेंच पद्धतीत मात्र दोन्हीकडे उजवेच आटे आहेत. साहजिकच उजवा कप अतिशय घट्ट बसवावा लागतो आणि अधूनमधून तपासावा लागतो. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक कप काढण्याच्या हेतूने तो अधिकच घट्ट करीत जातो. यात भर म्हणजे सत्तरच्या दशकातील काही मोटोबेकान सायकलींत स्विस पद्धत आढळते. तिथे व्यास आणि आटे फ्रेंचांसारखेच, पण उजवीकडची दिशा ब्रिटिशांसारखी डावी असते.

क्रँक काढण्याच्या पुलरचीही तीच कथा. सर्वत्र मिळणारा पुलर २२ मिलिमीटरचा असतो. जुन्या स्ट्राँगलाइट क्रँकला २३.३५ मिलिमीटरचा, तर टीए कंपनीच्या क्रँकला २३ मिलिमीटरचा पुलर लागतो. चुकीच्या पुलरने क्रँकमधले आटे उपटून निघतात आणि मग तो क्रँक सरळ मार्गाने कधीच काढता येत नाही.

या स्पर्धेत अखेर इंच जिंकला. जपानी कंपन्यांनी ब्रिटिश आटे स्वीकारले आणि ऐंशीच्या दशकात फ्रेंच कारखान्यांनीही आपली मापे सोडून दिली. आज मेट्रिक पद्धत वापरणाऱ्या देशांतही सायकलीच्या पायडलचा आटा इंचांतच मोजला जातो. भारतातील सायकलीची घडणही ब्रिटिश परंपरेतलीच. स्वातंत्र्यानंतर मद्रासच्या टीआय सायकल्सने हर्क्युलिस आणि आसनसोलच्या सेन-रॅलेने रॅले ही ब्रिटिश नावे येथे रुजविली. त्यामुळे परदेशातून एखादी जुनी फ्रेंच सायकल येथे आणली, तर मुरलेल्या मेकॅनिकचा सवयीचा हातही तिच्यावर चुकू शकतो. आटे मोजण्याची पट्टी आणि व्हर्निअर कॅलिपर ही दोन साधने अशा मालकाकडे पान्याआधी असावीत, ती यासाठीच.

पारख कशी करावी

जुनी सायकल पाहताना रंगाआधी फ्रेमकडे पाहावे. हँडलच्या नळीलगत, तिरक्या आणि आडव्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवून फुगवटा किंवा सुरकुती जाणवते का, हे तपासावे. तशी ती असल्यास सायकल केव्हातरी समोरून आदळली आहे, असे समजावे. सीटपोस्ट हलतो की नाही, हेही पाहावे. पोलादी नळीतला ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर दोन धातूंमधील गंजामुळे जाम होऊन बसतो. रेनॉल्ड्स ५३१ च्या पीएक्स-१० मध्ये सीटपोस्टचा व्यास बहुधा २६.४ मिलिमीटर असतो. त्याच पोलादाच्या ब्रिटिश फ्रेममध्ये तो सहसा २७.२ असतो. हे एकच माप सायकलीच्या मूळ देशाविषयी बरेच काही सांगून जाते. पायडलवर आर आणि एल ऐवजी डी आणि जी ही अक्षरे असतील, तर ती ‘द्रुआत’ आणि ‘गोश’, म्हणजे फ्रेंच भाषेतील उजवे-डावे होत.

त्यानंतर सुरक्षिततेचा विचार. त्या काळातील अवा कंपनीच्या स्टेमच्या नळीत, खाचेपाशी तडे गेल्याची उदाहरणे संग्राहकांच्या चांगल्या परिचयाची आहेत. असा स्टेम चालू सायकलीवर ठेवू नये, हा सर्वमान्य सल्ला आहे. धावत्या सायकलीचे हँडल हातात निखळणे हा अपघात क्षुल्लक नसतो. सिम्प्लेक्सने साठच्या दशकात डेल्रिन या प्लॅस्टिकचे डिरेलर आणले. ते हलके आणि न गंजणारे होते, पण वयोमानाने ठिसूळ होऊन तडकतात. ते बदलताना आणखी एक अडचण येते. पुष्कळ पीएक्स-१० सायकलींच्या मागच्या टोकावर डिरेलर अडकविण्याच्या भोकात आटेच नसतात. दुसऱ्या कंपनीचा डिरेलर बसवायचा, तर ते भोक कापावे-घासावे लागते. तसे करावे की जुन्या बाजारात दुसरा सिम्प्लेक्स शोधावा, हा निर्णय मालकालाच घ्यावा लागतो.

मूळ रूप की वापर

येथे प्रत्येक मालकासमोर मूलभूत प्रश्न उभा राहतो, तो सायकल जतन करायची की चालवायची, हा. काहीजण प्रत्येक भाग त्याच सालचा असावा, असा आग्रह धरतात. काहीजण फ्रेम ठेवून बाकी सारे आधुनिक बसवितात. मागच्या चाकासाठीची जागा पाच गिअरच्या काळात १२० मिलिमीटर होती. पुढे आलेल्या रोड सायकलींचे हब १३० मिलिमीटरचे, म्हणून फ्रेमच वाकवून रुंद केली जाते. क्रँकमध्ये ९/१६ इंचाचे नवे आटे पाडून कोणतेही पायडल बसविता येते. पण एकदा कापलेला धातू परत येत नाही, आणि तो क्रँक मग फ्रेंच उरत नाही.

व्यवहारी मार्ग असा, की जे बदल उलटविता येतात ते निःशंकपणे करावेत आणि जे उलटविता येत नाहीत ते शक्यतो टाळावेत. रिमला चिकटवावे लागणारे ट्यूब्युलर टायर नको असतील, तर ७००-सी मापाची साध्या टायरची चाके बसवावीत आणि मूळ चाके जपून ठेवावीत. ब्रेकची पोच त्यामुळे बदलत नाही. स्टेम बदलायचा झाल्यास २२.२ मिलिमीटरचा नवा स्टेम दोन दशांश घासून बसविता येतो. येथे घासला जातो तो नवा भाग. जुन्या फ्रेमला धक्का लागत नाही. काही विदेशी कंपन्या फ्रेंच आट्यांचे बॉटम ब्रॅकेट नव्याने बनवितात. मूळचा रंग फिका असला, तरी खरवडून नवा देऊ नये. सौम्य साबणाचे पाणी, मऊ फडके आणि मेणाचा हलका हात पुरेसा असतो. बेअरिंगमधले वाळलेले ग्रीस काढून नवे भरावे, सर्व केबल बदलाव्यात आणि चामड्याच्या सीटला तिच्यासाठीचे मेण लावावे. माफाकचे ब्रेक किंचाळतात अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ब्रेकच्या रबराचा पुढचा भाग रिमला केसभर आधी टेकेल, असा कोन दिला की ती बहुतांशी दूर होते.

चालविण्याचा आनंद

अशी सायकल नीट लावून रस्त्यावर काढली, की तिची खरी ओळख पटते. फोर्कला पुढच्या बाजूने दिलेला लांब, डौलदार बाक आणि बारीक पोलादी नळ्या यांमुळे ती खडबडीत रस्त्यावर हादरत नाही. गिअरच्या दांड्यांना ठरावीक खाचा नसतात. दांडी थोडी ओढायची, साखळी चक्रावर चढल्याचा आवाज ऐकायचा आणि खरखर राहिली असेल, तर दांडी केसभर मागे घ्यायची. हे चालविणाऱ्याच्या कानाने आणि बोटांनी ठरते. चढाच्या मध्यावर गिअर बदलू म्हटले, तर साखळी दाद देत नाही. रस्ता आधी वाचावा लागतो. आधुनिक सायकलीने ही जबाबदारी चालविणाऱ्याकडून काढून घेतली. अनेकांना जुन्या सायकलीचे आकर्षण वाटते, ते नेमके या जबाबदारीमुळेच.

या सायकली बनविणारे बहुतेक उद्योग आता इतिहासजमा झाले आहेत. माफाक आणि सिम्प्लेक्स बंद पडले. डिरेलर बनविणारी युरे आणि हब बनविणारी मायार या कंपन्या जर्मनीच्या साक्सकडे गेल्या आणि साक्सचा सायकल विभाग १९९७ मध्ये अमेरिकेच्या एसआरएएमने घेतला. परंपरेचा धागा मात्र तुटलेला नाही. इटलीतील गायोले येथे १९९७ पासून आणि फ्रान्समधील सोम्युर येथे २०११ पासून जुन्या सायकलींचे मेळावे भरू लागले. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यत म्हणून थांबली, तरी चार वर्षांतून एकदा होणारी, ९० तासांत १२०० किलोमीटर पूर्ण करण्याची सफर म्हणून ती चालत राहिली. २०१९ आणि २०२३ मध्ये तिच्यात भारतातून मोठ्या संख्येने सायकलपटू उतरले. त्यासाठी आधी पूर्ण कराव्या लागणाऱ्या २०० ते ६०० किलोमीटरच्या फेऱ्या पुणे-मुंबईच्या रस्त्यांवरही होतात. ज्या सफरीसाठी एर्स आणि सिंगर यांनी सायकली घडविल्या, तिच्याशी महाराष्ट्राचे नाते असे जुळले आहे.

जुन्या फ्रेंच सायकलीचे सुटे भाग नव्याने बनण्याची शक्यता फार थोडी आहे. आज जे आहेत, तेवढेच पुढच्या पिढीकडे जाणार आहेत, आणि त्यांतील किती जातील हे प्रत्येक मालकाच्या हातातील पान्यावर ठरणार आहे. कपाला पाना लावण्यापूर्वी तो कोणत्या दिशेने फिरतो, हे थांबून पाहिले तरी त्यांतील पुष्कळ वाचतील.